एका रकान्याची उलथापालथ

"आकडे असे मोठ्याकडून लहानाकडे काय रे? जरा चढते लाव की!" मॅडम म्हणाल्या, आणि तरुण विश्लेषकाने मुकाट्याने खर्चाचा रकाना चढत्या क्रमाने लावून टाकला. त्याच्या नोकरीची मुदत महिनाअखेर संपत होती आणि ती वाढवणं मॅडमच्या हातात होतं. तिथे कोण वाद घालतो?

काम तसं सरळ होतं. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून तीन देशांत तोल सांभाळायच्या व्यायामाचे वर्ग चालत. एक हाड मोडायचं वाचवायला कुठे किती खर्च येतो ते बघायचं आणि जिथे परवडत नाही तिथले वर्ग बंद करायचे.

आठवड्याने मीटिंग भरली. पडद्यावर तिन्ही देशांचे डॉक्टर हजर झाले. डोंगराळ देश सर्वांत स्वस्त निघाला होता, बेटांचा देश सर्वांत महाग.

"वाटलंच होतं!" डोंगरवाले डॉक्टर खुशीत आले. "आमची माणसं जात्याच काटक. दोन दिवसांत शिकतात."

बेटांवरच्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "आमच्याकडे शिक्षक होडीनं आणावा लागतो हो. खर्च होणारच. पण आज्या इतक्या हौसेनं येतात... बरं, करा बंद."

थंड देशवाले मधोमध होते. ते चहा पीत राहिले.

विश्लेषकाने सहज तक्ता पाहिला. खर्चाचा रकाना हलला होता, पण देशांची नावं जागच्या जागी ठाण मांडून होती! गप्प बसावं तर आज्या घरी बसणार, बोलावं तर आपण. बिचाऱ्याने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"थांबा! चूक माझी आहे. सगळं उलटं झालंय. बेटं स्वस्त, डोंगर महाग."



"मी म्हणतच होते!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "होडी संध्याकाळशिवाय परतत नाही. शिक्षक जातो कुठे? दिवसभर वर्ग घेतो!"

"बरोबर आहे," डोंगरवालेही तितक्याच ठामपणे म्हणाले. "आमची माणसं जात्याच काटक. ती पडतच नाहीत, मग वाचवायचं काय? सगळा खर्च वाया." आपण आपलेच वर्ग बंद पाडले हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पडदा बंद झाला. 

"मॅडम, माझं टेबल आवरू का?" विश्लेषकाने चाचरत विचारलं.

"आवरतोस कुठला! डोंगरी माणसांच्या काटकपणावर पंचवीस पानं लिहून बसलेय मी. ती आता उलटी कोण लिहिणार? वर्षभर जायचं नाव काढू नकोस."