नव्या कार्डावरचं लग्न

कार्ड या सोमवारी विकायचंच, असं विश्वेश्वरनं ठरवलं होतं. तसं ते तो दर सोमवारी ठरवायचा, आणि ठरलेलं मंगळवारपर्यंत टिकलेलं शिवांजलीनं तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यामुळे नवऱ्यानं सकाळच्या चहाला छाती पुढं काढून हे जाहीर केलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि शेंगदाणे निवडत राहिली.

कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं ग्राफिक्सचं कार्ड. विश्वेश्वरचा केज या तालुक्याच्या गावी लग्नाच्या शूटिंगचा धंदा. अठ्ठ्याण्णव साली त्यानं पुण्याहून हे कार्ड अठ्ठेचाळीस हजारांना आणलं, आणि एवढ्यात दोन बैलजोड्या आल्या असत्या हे त्याचे वडील रुद्रप्पा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण कार्डानं तालुक्यात नाव काढलं, हेही खरं! आधी नवरीच्या तोंडाभोवती नुसता बदाम यायचा. आता नवरी गुलाबातून उमलायची, नवरदेव ताजमहालातून चालत यायचा, आणि ज्या मामांनी जन्मात अंबाजोगाई ओलांडली नव्हती ते बर्फाच्या डोंगरावर उभे राहून पंगतीला जिलबी वाढायचे.

सगळ्या तालुक्याची लग्नं अशी गुलाबातून निघाली. राहिलं ते एकच, विश्वेश्वरचं स्वतःचं.

ते झालं होतं पंच्याण्णव साली. शूटिंग त्याच्याच कॅमेऱ्यावर, त्याचा मदतनीस बंकट यानं केलेलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी घरच्यांनी ती कॅसेट लावली, अकरा मिनिटं बघितली आणि लाइट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी. तोवर पाहुणे पांगले होते, आणि विश्वेश्वर म्हणाला, कच्चं काय बघायचं, मिक्सिंग करून झकास बघू. मग कार्ड आलं. तेव्हा म्हणाला, ह्याच्यावर नको, पुढचं कार्ड याहून भारी येतंय, आपलं लग्न नव्या कार्डावर करू. शिवांजलीला आधी त्याचं कौतुक वाटलं, मग राग आला, आणि सहा वर्षांनी नुसता कंटाळा उरला होता. तिला ती कॅसेट बघायची होती, एवढंच. लग्नात तिचे वडील होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

आणि नवं कार्ड घ्यायचं तर जुनं विकायला हवं. इथं सगळं अडायचं. लगीनसराईत विकलं तर काम कशावर करायचं? सराई उलटल्यावर विकलं तर घेणार कोण? दिवाळीत फोन केला की पुण्याचा दुकानदार म्हणायचा, संक्रांतीला नवीन येतंय, थांबा. संक्रांतीला म्हणायचा, आलंय, पण पाडव्याला भाव उतरेल. विश्वेश्वर थांबायचा आणि जुन्याचा भाव उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा खाली खाली जायचा. एसटीडी बूथवाला सटवा तर त्याला लांबून बघूनच पुण्याचा नंबर फिरवायला घ्यायचा.

रुद्रप्पांनी उभी हयात बैलांच्या बाजारात दलाली केलेली. त्यांना यात अवघड असं काही दिसत नव्हतं. "जनावर सहादाती असतानाच इकावं," ते म्हणत. "एकदा का सगळे दात जुळले, म्हंजे वय झालं, की गिऱ्हाईक तोंड उघडून बघतं अन् पुढच्या दावणीला जातं. तुझं कार्ड जुळाय लागलंय."

यावर विश्वेश्वर म्हणायचा की आप्पा, कार्डाला दात नसतात. पण म्हणताना त्याचाही आवाज थकलेला असायचा.

तर या सोमवारी मात्र खरंच गिऱ्हाईक आलं! कडा गावचा परमेश्वर. कारखान्याच्या गावात नवा स्टुडिओ टाकणारा, अंगानं दांडगा, बोलायला गोड. बावीस हजारांना घेतो म्हणाला. पण चालवून दाखवा म्हणाला. बैल औताला जुंपल्याशिवाय घेऊ नये, असं त्यानं म्हणताच रुद्रप्पांनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

आता चालवून दाखवायचं कशावर? लोकांच्या कॅसेटी लोकांना देऊन झालेल्या. घरात कच्ची कॅसेट एकच होती. विश्वेश्वरनं कपाटाकडं पाहिलं. शिवांजलीनं विश्वेश्वरकडं पाहिलं.

"लावा की," ती म्हणाली.

मग तिचा कंटाळा कुठल्या कुठं गेला. तिनं पोहे टाकले, साडी बदलली, शेजारच्या सावित्रीबाईंना हाक मारली. इतक्या वर्षांनी का होईना, लग्न लागत होतं! सगळे बाहेर पोहे खात बसले आणि आत कॉम्प्युटर कॅसेट ओढून घेत राहिला. विश्वेश्वर फुशारला होता. बाराव्या मिनिटाला हिचं तोंड जवळून येतं, बंकट तेव्हाच म्हणाला होता, असं सांगून त्यानं न बघताच बाराव्या मिनिटावर गुलाब लावून ठेवला.

मग सगळे आत आले. पडद्यावर मांडव आला. मंगलाष्टकं आली. फेटा बांधलेले, अक्षता टाकणारे शिवांजलीचे वडील आले, आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिनं विश्वेश्वरला हार घातला. विश्वेश्वरनं आपला हार उचलला, वर नेला, आणि पडदा फडफडला.

पुढं भलामोठा गुलाब उमलला. त्यातून भगवानराव बाहेर आले.

हे भगवानराव दिंद्रुडचे. शहाण्णव साली त्यांनी पिठाची गिरणी काढली, तिच्या उद्घाटनाचं शूटिंग विश्वेश्वरकडं होतं. भगवानरावांनी गुलाबातून नमस्कार केला, फीत कापली, नारळ फोडला, आणि मग पुढं बराच वेळ ज्वारीच दळली गेली.

काय झालं ते विश्वेश्वरला हळूहळू उमगलं. रेकॉर्डिंग झालं की कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडायचा असतो, म्हणजे तिच्यावर दुसरं काही चढत नाही. तालुक्याच्या प्रत्येक लग्नाचा तुकडा त्यानं आठवणीनं मोडला होता. स्वतःचा राहिला होता. लाइट गेली तेव्हा कॅसेट अकराव्या मिनिटाला थांबली ती तशीच कपाटात गेली, आणि पुढच्या वर्षी दिंद्रुडला जायच्या घाईत तशीच कॅमेऱ्यात.

परमेश्वरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खूश झाला होता. "गुलाब एक नंबर हाय," म्हणत त्यानं इसारासाठी पाचशेची नोट काढली.

विश्वेश्वरचा हात पुढं झाला, पण शिवांजलीनं तो धरला. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र साधा होता.

"भाऊ, कार्ड आज न्हाई द्यायचं. आदी माजं लगीन होऊ द्या."

"अगं, अकरा मिन्टांत काय व्हनार?" विश्वेश्वर म्हणाला.

"लोकांच्या वराती तुमी सावकाश चालवताव ना या कार्डावर? तसंच चालवा. तास भरला पायजे."

परमेश्वरनं नोट परत खिशात घातली. आठ दिवस वाट बघतो म्हणाला.

आठ दिवसांचे चाळीस झाले. केजची लाइट, कार्डाचं वय आणि विश्वेश्वरचा अपराधी चेहरा, तिन्ही सारखीच दमलेली. शिवांजलीच्या वडिलांची अक्षता टाकणारी मूठ त्यानं इतकी हळू केली, की एकेक दाणा मोजून घ्यावा. तेवढ्यात तिकडं पुण्यात नवं कार्ड उतरलं, जुन्याहून दुप्पट भारी आणि अठरा हजारांना, आणि परमेश्वर ते घेऊन कड्याला गेलाही. विश्वेश्वरनं बूथवरून दुकानदाराला विचारलं, जुन्याचं काय येईल? तुम्हीच ठेवा, असं उत्तर आलं.

"जुळलं," रुद्रप्पा म्हणाले.

गंमत म्हणजे त्या दिवशी विश्वेश्वर तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. आता ठरवायचं काहीच उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी कॅसेट लावली. तासभर लग्न चाललं. वडील आले तेव्हा शिवांजली मनसोक्त रडली, आणि तिला बरं वाटलं. शेवटी हार आले. तिनं घातला. मग नवरदेवानं आपला हार उचलला आणि तो वर जाऊ लागला. एक मिनिट झालं, दोन झाली, चार झाली, तरी हार छातीपाशीच तरंगत होता आणि नवरदेव तिच्या गळ्याकडं नुसता बघत होता.

सावित्रीबाईंना राहवेना. "कावून गं, घालतोय का न्हाई त्यो?"

"इचार चाललाय त्यांचा," शिवांजली म्हणाली, आणि कॅसेट संपली.