राजेसाहेबांची चौकशी

श्रीनिवास निमकर इंग्लंडच्या एका राजाची बाजू लढवत. राजा जाऊन दोनशे वर्षं झाली आहेत, याने त्यांना फरक पडत नसे. ज्याच्या राज्यात अमेरिका हातची गेली आणि ज्याचं डोकं शेवटी फिरलं, तोच हा राजा. जग त्याला वेडा म्हणतं. निमकर त्याला ‘राजेसाहेब’ म्हणत.

हे उघड झालं इथे आखातात, अल खोरला, शुभदावहिनींच्या घरी, आमच्या शुक्रवारच्या मिसळीला. बोलता बोलता अमेरिकेचा विषय निघाला आणि शेजारचे पाटील म्हणाले, “वेड्याच्या हाती राज्य दिलं की दुसरं काय होणार?”

निमकरांनी हातातला पाव खाली ठेवला. “तपासाआधी निष्कर्ष नको. तो माणूस बाप म्हणून सज्जन होता आणि राजा म्हणून कर्तव्यदक्ष.”

सगळ्यांचे चमचे थांबले. निमकर नाशिकचे. त्यांचे आजोबा स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आजोबांनी इंग्रजांचा तुरुंग भोगला आणि नातू इंग्रजांच्या राजाची बाजू घेतो?” पाटलांचा आवाज चढला.

“आजोबांच्या वेळचा राजा वेगळा. एकाच्या चुकीचा मेमो दुसऱ्याला देता येत नाही.”

निमकर गॅस प्लांटवर अपघातांची चौकशी करतात. त्यांच्या कामाची रीत ठरलेली आहे. काही बिघडलं की विचारायचं, “का?” उत्तर आलं की त्या उत्तरालाही “का?” खऱ्या कारणाशी पोचेपर्यंत थांबायचं नाही. “ऑपरेटरची चूक, खलास, असं लिहून घरी जाता येत नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. ही रीत ते प्लांटवर ठेवून येत नाहीत. एका दिवाळीत वहिनींच्या चकल्या विरघळल्या. निमकरांनी विचारलं, का? मोहन जास्त झालं. का झालं? तिसऱ्या ‘का’ला वहिनींनी झारा उचलला.

त्यानंतर दर शुक्रवारी राजेसाहेब मिसळीला असत. पहाटे उठणारे राजेसाहेब. प्रत्येक कागद स्वतः वाचणारे. बायकोशी एकनिष्ठ, पंधरा मुलांचे बाप, लहानग्यांशी जमिनीवर बसून खेळणारे. “धाकटी लेक गेली आणि त्यांचं मन पुन्हा सावरलं नाही. याला तुम्ही वेड म्हणता?” निमकर विचारत. त्यावर पाटीलही विषय बदलत. निमकरांची पत्नी काही वर्षांपूर्वी गेली, हे सगळ्यांच्या मनात असे.

घरात आता ते आणि मुलगी ऋचा. ऋचा इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत. राजधानीत, बिन महमूद भागातल्या एका ऑफिसात नोकरी, रोज लांबचा प्रवास. त्या हिवाळ्यात तिला टोरांटोची नोकरी चालून आली. महिनाअखेर कळवायचं होतं. वडिलांच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती आणि वडील दर वेळी म्हणत होते, “बघू. इन्शाल्ला.” हा शब्द इथे किती लांबू शकतो, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

एका शुक्रवारी राजेसाहेबांच्या वात्सल्याचं वर्णन रंगात आलं असताना ऋचाने ताटलीतून मान वर केली.

“बाबा, व्हॉट हॅपन्ड टू हिज डॉटर्स?”

“म्हणजे?”

“द अदर्स. ही डिडन्ट लेट देम गो. राइट?”

निमकरांनी ते वाचलेलं होतंच. राजाने मुलींना उमेदीच्या वर्षांत लग्न करू दिलं नाही. घरात, आपल्याजवळ ठेवलं. बहुतेकींचं तारुण्य त्या राजवाड्यातच सरलं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चौकशी करणाऱ्या माणसाने पुरावा बाजूला ठेवला होता.

“त्यावर काम चालू आहे,” ते म्हणाले आणि मिसळ अर्धी टाकून उठले. निमकरांनी अन्न टाकलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ते दारातूनच बोलले. “राजेसाहेब बाप म्हणून दोषी आहेत.”

पहिल्या दिवशी बसला त्यापेक्षा हा धक्का मोठा होता. “अहो, असं एकदम कसं?” पाटील जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. आता राजाची बाजू तेच घेऊ लागले. “प्रेमच होतं ना त्यांचं?”

“प्रेम होतं. तपासलं मी. मुलींना थांबवलं. का? सोडवेना. का? घर रिकामं झालं असतं. का—” निमकर थांबले. वहिनींनी पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं. “पुढचं ‘का’ राजेसाहेबांनी विचारलं नाही.”

मग ऋचाकडे न बघता म्हणाले, “तिकडे हो म्हणून कळव. यल्ला, चल, आजच.”

वहिनींनी कारण नसताना सगळ्यांना पुन्हा तर्री वाढली.

तिची फ्लाइट दुपारची होती. विमानतळावर पाटील, वहिनी, आम्ही सगळेच होतो. प्लांटवर शिफ्ट संपली तरी माणूस तसाच निघत नाही. काय ठीक आहे, कशावर लक्ष ठेवायचं, ते येणाऱ्याला तोंडी सांगतो, आणि तो ‘घेतलं’ म्हणाला की मगच जागा सोडतो. ऋचाने लहानपणापासून हे ऐकलेलं. निमकर तिच्यासमोर ताठ उभे राहिले.

“हँडओव्हर. तब्येत नॉर्मल. थंडीत घसा धरतो. भूक लागली की चिडचिड होते, आधी जेवायचं, मग भांडायचं. बाकी सगळं उत्तम चाललंय. आजपासून तुझा चार्ज तुझ्याकडे.”

“पेंडिंग?” ऋचाने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

“एकच. अल खोरला एक जुनं युनिट आहे. आवाज करतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चालू आहे पण. अधूनमधून फोन करून बघायचं.”

आम्ही तिच्या नेहमीच्या ‘ओके, बाबा’ची वाट पाहत होतो.

“घेतलं, बाबा,” ती म्हणाली.

ती आत गेली. शिफ्ट संपली होती, तरी निमकर जागचे हलले नाहीत. शेवटी पाटलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चला, राजेसाहेब.”