देवरावकाकांची फिटिंग

देवरावकाका कोणाच्याही घरी गेले की आधी नळ बघतात, मग माणसं. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा पाहुण्यांना रामराम करायच्या आधी सरळ मोरीत शिरले आणि तिथूनच ओरडले, "अबे, हा नळ रडून राह्यला! पोरीवाले काय म्हणतील?" नळाचा वायसर बदलला, तेव्हाच पंगतीला बसले.

काका आमचे वर्ध्याचे शेजारी. हिंगणीची शेती त्यांनी मुलाच्या हवाली केली, पण पाइप कोणाच्याच हवाली केले नाहीत. शेतातलं ठिबक त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलेलं. आपल्या फिटिंगमधून थेंब गळत नाही, हा त्यांचा जन्माचा तोरा. लग्न असो की निवडणूक, त्यांचा सवाल एकच: "पाण्याले विचारलं का?" मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.एस्सी., आणि हे मी कोणी न विचारता सांगतो. पेढे द्यायला गेलो तर काका म्हणाले, "बढिया! आता तुले पाण्याची भाषा समजंल."

गेल्या वर्षी ते काकूंना घेऊन नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिथल्या बसायच्या खोलीत काचेच्या टाकीत खारं पाणी, नारिंगी मासे आणि जिवंत पोवळी होती. काका परत आले ते डोक्यात समुद्र घेऊनच. "पाइप नुसता गुडगुड करून राह्यला होता. डॉक्टर एवढा शिकलेला, आन् फिटिंग झीरो! मी करून दाखवतो."

"प्यायचं पाणी एक दिवसाआड येते," काकू म्हणाल्या, "आन् हे त्याच्यात मीठ कालवून राह्यले."

हॉलमध्ये वर मोठी टाकी, खाली लहान. वरचं पाणी एका पाइपानं खाली उतरणार, गाळलं जाणार, आणि मोटार ते दुसऱ्या पाइपानं परत वर चढवणार. हा सगळा नकाशा काकांनी फरशीवर खडूनं काढला आणि काकूंना पुसू दिला नाही. वाकडी वाट करून काकू स्वयंपाकघरात जायच्या आणि जाता जाता समुद्राचा उद्धार करायच्या.

सुरू करायच्या दिवशी गल्ली जमली. विहिरीवर नवी मोटार बसवताना करतात तसं काकांनी मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणीही टाकीत ओतणार होते. मी हात धरला. बटण दाबलं. पाणी चढलं, उतरलं, टाळ्या पडल्या. "पाहा! थेंब नाई!" काका म्हणाले, आणि लाइन गेली, मोटार थांबली.

वरचं पाणी चढायच्या पाइपानंच खाली ओढलं जायला लागलं. खालची टाकी भरून वाहिली. दारातल्या चपला तरंगल्या. काकू दिवाणावर पाय वर घेऊन म्हणाल्या, "समुंदरले भरती आली वाटते! आता पुन्हा लाइन गेली, तर समुंदर अंगणात."

चूक ठिबकवाल्याचीच होती. पाणी मुळाशी द्यायचं, या सवयीनं काकांनी चढत्या पाइपाचं तोंड पार तळाला, पोवळी बसणार होती तिथं नेलं होतं. मी म्हटलं, "काका, पाण्याच्या पातळीच्या जराशा खाली पाइपाला बारीक भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरेल, ओढ तुटेल."

"नव्या पाइपाले भोक? मी?" जन्मभर भोकं बुजवलेला माणूस माझ्याकडे कसायाकडे बघावं तसा बघत राहिला. शेवटी ड्रिल माझ्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड केलं.

लाइन आल्यावर मोटार सुरू केली आणि मुद्दाम मेन स्विच पाडला. पाणी बोटभर उतरलं आणि थांबलं. "हो म्हणे पाणी!" काकांनी मला मिठीच मारली. त्याच आठवड्यात नागपूरहून मासे आले, पोवळी आली.

राहिली फक्त गुडगुड. डॉक्टरच्या पाइपासारखीच. "दुपारी डोळा लागत नाई, घरात ओढा आणला यांनी," काकूंनी गल्लीभर सांगितलं. काकांना ते झोंबलं. उतरत्या पाइपावर पाणी कमीजास्त करायचा व्हॉल बसवून ते तो किंचित किंचित आवळत गेले. पाइपात हवा शिरणं थांबलं आणि आवाजही थांबला. मग त्यांनी घराघरांतून माणसं गोळा केली. "ऐका! काही ऐकू येते?"

"नाही."

"हेच ऐकवायचं होतं!"

पुढे एका दुपारी मी गेलो, तर ओसरीपर्यंत गुडगुड. काका टाकीखाली बसलेले, हात व्हॉलवर.

"काका, बिघडलं?"

"हळू बोल. मीच ढिला केला." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "काल तिनं काचेले हात लावला आन् म्हणे, मोटार बंद आहे काय हो? मासे गेले काय? तिले आता नुसतं निळं निळं दिसते, बाप्पा. त्या दवाखान्यातबी ती ऐकतच बसली होती. नंबर आला तरी उठेना."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो.

"कोणी विचारलं तर सांगजो," काका म्हणाले, "देवरावची फिटिंग चुकली."

तेवढ्यात भिंतीला हात लावत काकू आल्या. "झाला पुन्हा सुरू तुमचा ओढा! एवढा गाजावाजा, आन् एक पाइप धड बसवता येत नाई." असं म्हणत त्यांनी खुर्ची काचेजवळ ओढून घेतली.

"नाई जमलं बा," काका म्हणाले, आणि व्हॉल आणखी थोडा ढिला केला.