मारुतीला दिलेला गट नंबर

दुसऱ्याच्या शेतावर गारपीट व्हावी म्हणून शनिवारचा उपास धरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी दर आठवड्याला पाहतो. भिंतीला भिंत लागून राहतो तो माझ्या. अख्खं मंठा त्यांना नाना म्हणतं. उपासाला ते साबुदाण्याची खिचडी इतकी हाणतात की मारुतीलाही वाटावं, देऊन टाकावी याला गारपीट एकदाची.

शेत आहे त्यांच्या जावयाचं. तसा तो आता कायद्यानं जावई उरलेला नाही. नानांची लेक सुनीता आणि त्याची फारकत झाली, कोर्टानं नातीची पोटगी ठरवून दिली आणि गड्यानं दोन-चार महिने देऊन हात वर केले. सोयाबीन विकून तो पैसे रोख घेतो आणि कोर्टात सांगतो, "काहीच पिकलं न्हाई, साहेब." त्याच्या बँकेच्या खात्यात एकच मोठी रक्कम कधीमधी येते, ती पीकविम्याची. सुनीताच्या वकिलांनी ते बरोबर हेरलं. कोर्टाचा हुकूम निघाला: विमा जमा झाला की आधी पोटगी कापायची, उरेल ते त्याचं.

आता गंमत बघा. पीक बुडाल्याशिवाय विमा नाही आणि विम्याशिवाय पोटगी नाही. नात ऋतुजा रोज पहाटेच्या एसटीनं जालन्याला कॉलेजला जाते आणि अंधार पडता पडता परत येते. तिला तिथं वसतिगृहात ठेवायचं तर बापाच्या शेताचं वाटोळं झालं पाहिजे. सुनीताच्या शिलाई मशीनवर घर चालतं, वसतिगृह चालत नाही.

नानांनी मग कामाला हात घातला. पहिली गोष्ट, मारुतीला शेताचा गट नंबर सांगून ठेवला.

"गट नंबर कशाला, नाना?" मी विचारलं.

"मंग? बांधाला लागून माळ्याचं वावर हाय. त्या बिचाऱ्याचं कशापायी नुकसान? देवाला पत्ता बराबर द्यावा लागतो, सर."

दुसरी गोष्ट, जावयानं विमा भरलाच पाहिजे. मुदत संपत आली की नाना जावयाकडच्या कुंभार पिंपळगावला जाऊन सेवा केंद्रासमोरच्या रांगेत उभे राहतात, जावयासाठी नंबर धरून. वर त्याला फोन करतात, "जल्दी या जावईबापू, नंबर आलाच तुमचा." जावईही येतो. पोटगी कापून उरलेलं त्याचंच असतं ना!

नातं तुटलं तरी नानांचं "जावईबापू" काही सुटलं नाही. मागं धोंड्याचा महिना आला तेव्हा त्यांनी सुनीताच्या पाठीमागं हलवायाकडून अनारसे घेतले आणि जावयाला देऊन आले. त्याच फेरीत कोर्टाच्या नोटिशीची एक प्रत त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. मी म्हटलं, "नाना, हे काय?"

"धोंड्याचं वाण वेगळं, नोटीस वेगळी. बिलकुल कायद्यात बसतंय." हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीर घेतानाही ते हेच म्हणतात.

फोन तर विचारू नका. आमच्या मधल्या पातळ भिंतीमुळं मला सगळं ऐकू येतं.

"सोयाबीन कसं हाय, जावईबापू?"

पलीकडून काहीतरी चांगलं येत असावं, कारण नानांचा आवाज पडतो. "असं का? अळी बिळी?... न्हाई? बरं, बरं. बघू पुढं."

ज्या पोरीपायी हा सगळा खटाटोप, तिचं नाव मात्र त्या फोनवर कधी निघत नाही. तो विचारत नाही आणि हे सांगत नाहीत. मला याचा फार राग यायचा.

यंदा ऐन शेंगा भरायच्या वेळी त्या बाजूला ढगफुटी झाली. सकाळी नाना माझ्या दारात हजर, टोपी घालून.

"सर, गाडी काढा. पानी थांबलं वावरात! फोटो काढून जल्दी कळवावं लागतंय, न्हाईतर इमावाले हात झटकतात."

शाळेला सुट्टी होती आणि पेट्रोल माझं होतं, त्यामुळं नकार द्यायला जागा नव्हती. चिखल तुडवत पोहोचलो. जावयाचा पत्ता नव्हता. शेताचा खालचा अर्धा भाग गुडघाभर पाण्यात उभा होता. नानांना झालेला आनंद लपेना.

"घ्या फोटो! असा घ्या की पानी खोल दिसलं पाहिजे. न्हाईतर असं करा, तुम्ही उभे ऱ्हा आत, मी घेतो. थोडं वाकून ऱ्हा. आन् त्वांड पाडा जरा, सर, शेतकऱ्यावानी!"

मी माझ्या नव्या पँटसकट त्या पाण्यात तोंड पाडून उभा राहिलो. वेगळं पाडायची गरज नव्हती. दोन-तीन फोटो झाले. बघतो तर माझा मोबाइल खिशात घालून नाना वाकलेले, एका झाडाच्या शेंगा बोटांनी चाचपत होते.

"भरल्यात हो," ते हळूच म्हणाले. "दाना धरलाय समद्यांनी."

मग बांधाकडं गेले. "ह्यो चर बुजलाय. म्हनून पानी तटलं." खोपीतून फावडं आणलं आणि लागले गाळ ओढायला.

"नाना! अहो, पाणी निघून गेलं तर विमा कुठला?"

"थांबा हो, एवढा गाळ काढू द्या."

"आणि ऋतुजाचं वसतिगृह?"

त्यांनी वर पाहिलं. चेहरा रडवेला झाला होता. "कळतंय मला, सर. समदं कळतंय. पर उभं पीक बुडत सोडून घरी जाऊन जेवायचं कसं?"

एवढ्यात जावई आला. आपल्या शेतात सासरा फावडं चालवतोय हे बघून तो थबकला. मला वाटलं, आता जुंपणार. पण त्यानं पायजमा वर खोचला, खोपीतून कुदळ आणली आणि समोरून खणायला लागला. बऱ्याच वेळानं चर मोकळा झाला आणि पाणी खळाळत ओढ्याकडं निघालं. सोयाबीन वाचलं, म्हणजे विमा गेला.

"ते फोटो पुसून टाका," मोबाइल परत देत नाना मला म्हणाले. "आता कायद्यात बसत न्हाईत."

जावई बांधावर टेकला. पायाचा चिखल काडीनं काढत, मान खाली घालूनच त्यानं विचारलं, "पोरगी... केवढी झाली आता?"

नाना धडपडत उभे राहिले. चिखलानं भरलेला हात त्यांनी आधी छातीशी धरला. मग विचार करून थोडा वर, खांद्याशी नेला.

"इथवर. न्हाई, थांबा..." हात आणखी वर, कानापाशी गेला. "इथवर आली."

जावयानं मान वर केली. त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडं तो बघतच राहिला, आणि त्याचं बघून होईपर्यंत नानांनी हात खाली घेतला नाही.