रिकाम्या मुठीवरचं पाखरू

अन्याय बबनराव साळुंके यांच्यावर झाला. यंदाच्या किंक्रांतीला, सकाळी, त्यांच्या स्वतःच्या खोलीत, बजाजनगरातल्या आमच्याच सोसायटीच्या सभासदांच्या हातून. आरोप असा, की हा माणूस करणी करतो आणि पाखरं मारतो. शिक्षा अशी, की खोली रिकामी करा. आरोप दोन्ही खोटे आहेत, आणि शिक्षा मी होऊ देणार नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगते.

साळुंके काका रोज सकाळी डाव्या हातात वेल्डिंगचा चामडी हातमोजा चढवून गच्चीवर जातात. कोपर काटकोनात, मूठ वर. मुठीवर काही नसतं. त्या काही नसलेल्याशी ते हळू आवाजात बोलतात. "बस बाई. गडबड नको. वारं बघ आधी." जिन्याच्या वळणावर मूठ छातीशी धरतात. का, तर तिचं डोकं भिंतीला लागू नये. पहिल्या पाळीच्या बसची वाट बघणारे कामगार धुक्यातून हे बघतात आणि तंबाखू मळायचे थांबतात.

काका वाळूजच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेसशॉपला, क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात आलं, आपण हातावर ससाणा घेऊन हिंडायचं. शिकारी पक्षी पाळणं हा गुन्हा आहे, हे त्यांना ठणकावून सांगायला मी पत्रक घेऊन वर गेले. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि पत्रकं लिहिते. कारखान्यांचं सांडपाणी, नायलॉनचा मांजा, बाबा-बुवा, जे समोर येईल त्यावर.

त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "ठाव हाय. म्हणून तर पाखरू ठेवलं नाय. बाकीचं समदं शिकायलोय."

आता यावर काय मोर्चा काढणार?

पण एक गोष्ट मला आजही नीट मांडता येत नाही, आणि मी भुताखेतांच्या विरोधात भाषणं केलेली मुलगी आहे. काका मूठ वर करून गच्चीत आले की कबुतरं उठायची आणि तिकडच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची. आवाज न करता. मग कावळे यायचे. काकांच्या डोक्यावर नाही, त्या मुठीच्या वर, वीतभर जागेवर झडप घालायचे. घारीवर घालतात तशी. तिथं हवा होती. मी स्वतः हात फिरवून बघितला. थंड होती, एवढंच.

"कावळ्यांना दिसायलंय, अन् तुला नाय?" काका म्हणाले आणि खूश झाले.

शिकणं मात्र अगदी कच्चं. पक्षी ओळखायची त्यांची पद्धत तपासणीच्या टेबलावरची. "आधी शेपूट बघायचं. मग पंख. नाव शेवटी." शेपटीला खाच असली की घार. पंख टोकदार असले की ससाणा. शंका आली की "रिजेक्ट!" असं ओरडून ते पुढच्या पक्ष्याकडे वळत. माणसांनाही हीच तपासणी. चेअरमनसाहेब म्हणजे घार. "सोता काय मारत नाय, दुसऱ्याच्या तोंडातलं वढतंय." आणि मी?

"तू कापशी. एका जागी लई फडफड करती. खाली यायचं नावच नाय."

मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

उन्हाळ्यात तर त्यांनी कमालच केली. मागच्या कडुनिंबावर राखाडी, पट्टेदार शेपटीचा पक्षी बसायला लागला. काकांनी तो शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, म्हणून पास करून टाकला. रोज त्याला मूठ दाखवायची, शीळ घालायची. आणि तो पक्षी अख्ख्या इमारतीच्या कानठळ्या बसतील असा ओरडायचा, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा!" तो पावशा होता. शेंबड्या पोरांनाही कळलं. लोक खिडक्यांतून हसत होते.

"काका, पावशा आहे तो! ऐका की!"

"व्हय, व्हय," ते हसून म्हणाले, "शेपटीवर पट्टं बघ किती झ्याक." आणि पुन्हा शीळ.

हट्टी म्हातारा, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

मग संक्रांत आली. संध्याकाळी काका माझ्या दाराशी उभे. हातात टॉवेलची गुंडाळी, टॉवेलवर रक्त. कडुनिंबातल्या मांज्यात काहीतरी अडकून लोंबत होतं, ते त्यांनी शिडी लावून सोडवलं होतं. "वनखात्याला फोन लाव. तूच बोल." मी बोलले. गाडी सकाळी येते म्हणाले. तोवर अंधारात ठेवा, खायला घालू नका, आवाज करू नका.

त्यांनी खोक्याला भोकं पाडली. खिडकीला चादर लावली. आणि स्वतः खोक्याकडे पाठ करून जमिनीवर बसले.

"कोणता आहे, काका?"

"बघितलं नाय."

ज्या माणसाने आभाळातला एक ठिपका सोडला नव्हता, तो हातभरावरच्या पक्ष्याची शेपूट बघायला तयार नव्हता.

"आपलं डोळं त्यांना मारेकऱ्याचं वाटतंय," ते म्हणाले. "घाबरंल. नगं."

सकाळी मी गाडीची वाट बघत फाटकाशी उभी होते. तेवढ्यात जिन्यावरचे रक्ताचे थेंब कुणाला तरी दिसले. तळमजल्यापासून काकांच्या दारापर्यंत. आणि दिवस किंक्रांतीचा! चेअरमनसाहेब दहा-पंधरा माणसं घेऊन वर गेले. दार वाजवलं. हाका मारल्या. लाथा मारल्या. आतून काही नाही. "आत नक्की काहीतरी चाललंय," कुणीतरी म्हणालं, आणि कडी तोडली.

मी धावत वर पोहोचले तेव्हा चादर ओढलेली होती आणि सगळ्यांचे मोबाइल चालू होते. खोकं उघडं. आत शिक्रा. या खेपेला खरोखरची शिक्रा, मादी, एक पंख हाडापर्यंत कापलेला. तिने सगळ्यांकडे नारिंगी डोळ्यांनी बघितलं, एकदा ओरडली आणि मान टाकली. मोबाइल एकेक करून खाली आले.

"दार का नाही उघडलं?" चेअरमनसाहेबांनी विचारलं. आवाज आता बारीक होता.

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"ओरडली का गं ती? जाताना?"

तेव्हा कळलं मला. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान कधीच नेले होते. दारावरच्या लाथा नाहीत, पावशा नाही, काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. आणि समोरच्याचे ओठ बघून उत्तरं देत हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणी वर जाऊन विचारलंही नव्हतं.

"ओरडली," मी मोठ्यानं म्हटलं.

"कशी?"

सगळ्यांसमोर मी तो आवाज काढला. टी-ट्यू. त्यांनी उजवा कान माझ्या तोंडाशी आणला, अगदी टेकवला. "पुन्ना." मी पुन्हा काढला. "पुन्ना." मी काढत राहिले. खोक्यात ती गार होत होती आणि दारातला एकही माणूस हलत नव्हता. काकांनी डोळे मिटले होते. किती ऐकू गेलं, मला माहीत नाही.

खोली रिकामी करायची नोटीस तरीही निघाली. रविवारी सोसायटीची सभा आहे. ज्या मांज्यानं तो पंख कापला, तो अजून कडुनिंबात आहे आणि त्याची फिरकी कुणाच्या गच्चीवर आहे, ते चेअरमनसाहेबांना पक्कं माहीत आहे.

तुम्ही बजाजनगरात राहत असाल तर रविवारी या आणि काकांच्या बाजूनं हात वर करा. लांब राहत असाल तर हे पत्रक खाली ठेवा, तुमच्या गच्चीवर जा, आणि तिथं, तारेत, झाडात, जिथं जिथं मांजा अडकलाय तो उतरवा. आजच.