रेवणअण्णांचा जीपवार

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करायला कुणीही बसतं. आमचे शेजारी रेवणअण्णा चालू असलेली वस्तू दुरुस्त करतात.

दर रविवारी सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या आत, ते आपल्या जीपचं बॉनेट उघडतात, इंजिनावर हात ठेवतात आणि आजाऱ्याची विचारपूस करावी तशा आवाजात विचारतात, "काय म्हनतीस?" मग किल्ली फिरवतात. जीप खोकते, थरथरते, काळा धूर सोडते आणि चालू होते. ती चालू झाली की अण्णांच्या कपाळाला आठी पडते.

"चालू झाली की ओ अण्णा," मी एकदा न राहवून म्हणालो.

"चालू झाली म्हंजे झालं व्हय? चालती तवाच बगायचं आसतंय."

हे त्यांचं पालुपद. या तत्त्वापायी त्यांच्या घरातला मिक्सर गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं आणि माझा एक उत्तम चालणारा टेबलफॅनही गेला. फॅन मी फक्त "बघा हो, किती गार वारा देतो" एवढं कौतुक करायला त्यांना दाखवला होता. जीप तेवढी टिकून आहे, कारण ती लोखंडाची आहे.

आमची कॉलनी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याला. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड बोलतात, दारात मराठी आणि जीपशी दोन्ही. जन्मभर साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते आणि याच जीपमधून उसाच्या फडांतून फिरायचे. चिखल असो, ओढा असो, पुढच्या चाकांचा गिअर टाकला की ही बया म्हशीसारखी निवांत पलीकडे निघायची म्हणे. अण्णा निवृत्त झाले आणि कारखान्याने जीपही भंगारात काढली. अण्णांनी ती लिलावात उचलली. "दोगंबी एकदमच रिटायर झालो," ते सांगतात, "पन हिला पेन्शन न्हाय. मग कुनी संबाळायचं हिला?"

जीपचा मूळ रंग हिरवा की खाकी, यावर कॉलनीत अजून एकमत नाही. सोलापुरात नळाला पाणी येणं म्हणजे घराघरात धावपळ. पिंपं, हंडे, तपेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. अण्णांच्या घरी मात्र पहिली बादली जीपच्या रेडिएटरला. त्यांच्या पत्नी गौराक्का तोवर रिकामी घागर घेऊन उंबऱ्यात उभ्या असतात. मी एकदा त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही काही बोलत कसं नाही?" तर म्हणाल्या, "काय बोलायचं ओ? सवत हाय, पन म्हातारी हाय. तहान लागतीया तिला."

आता मुख्य मुद्दा. हे काम अण्णा एकट्याने कधीच करत नाहीत. बॉनेट उघडलं की ते रस्त्यात उभे राहून हाक देतात, आणि त्या हाकेला कॉलनीत दार लावून घेण्याची सोय नाही. प्रत्येकाचं काम ठरलेलं. पलीकडच्या गल्लीतला श्रीनिवास, टॉवेलच्या मागांचा मालक, अंगाने काडीपैलवान असल्यामुळे त्याने गाडीखाली शिरायचं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शेखसरांनी नुसतं ऐकायचं. ते डोळे मिटून बॉनेटशी कान लावतात आणि निदान करतात, "अण्णा, सीदे बाजू कू टक टक आरी." मी विमा कार्यालयातला माणूस, म्हणजे अण्णांच्या मते हाताला काही कळत नसलेला. म्हणून माझ्याकडे पाय. ड्रायव्हरच्या जागी बसून मी ब्रेकचं पेडल दाबायचं.

"दाबा… धरा… सोडू नका ओ सायेब, धरा! निधान, निधान, सावकाश… हां, सोडा."

गाडीखालून श्रीनिवास तेलुगूत काहीतरी म्हणतो. ते भाषांतर करण्याजोगं नसतं.

दुपारपर्यंत सगळं उघडून, पुसून, ग्रीस लावून परत बसवलं जातं. आणि दर वेळी एक-दोन नट उरतात. आम्ही घाबरून बघतो. अण्णा शांतपणे ते उचलतात, "जादाचं आसतंय त्ये," म्हणतात आणि स्वयंपाकघरातल्या बरणीत टाकतात. गुळाच्या डब्याशेजारी ती काचेची बरणी आहे, आणि पाहुण्याला ती सुपारी वाटते.

मग जेवण. ओसरीवर सतरंजी, कडक भाकरी, शेंगांची चटणी, वरून घट्ट दही, आणि अक्कांना लहर आली तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. हे जेवण नाकारायची कुणाची छाती नाही. शेखसरांनी एकदा "आज घर पे मेहमान है" म्हणून पाहिलं. अण्णा पाहुण्यांनाच घेऊन आले.

एकदा ही जीप घेऊन आम्ही बार्शीला गेलो होतो, माझ्या चुलतभावाच्या लग्नाला. गाडी वाटेत एकदाही कुरकुरली नाही, आणि हेच अण्णांना सहन होईना. अर्धा रस्ता गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "एवडी गप हाय म्हंजे कायतरी लपवतीया," म्हणाले आणि एका बाभळीखाली गाडी थांबवून त्यांनी बॉनेट उघडलं. नव्या सफारी सुटातला मी पेडल दाबत बसलो. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा नवरानवरी जोडीने जेवायला बसली होती आणि भटजी पिशवी आवरत होते. भावाने अजून मला माफ केलेलं नाही. अण्णांना मात्र तो आजही विचारतो, "जीप बरी आहे ना?"

"अण्णा, एखाद्या मिस्त्रीकडं टाका की हिला," असं मी एकदा जेवताना सुचवलं.

"मिस्त्रीकडं टाकायला ती काय बेवारस हाय व्हय?" अण्णा दुखावले. मग भाकरी मोडत सांगू लागले. "आमच्या मैंदर्गीला इर्जिक आसायची. ठावं हाय का तुमास्नी? माझ्या बापानं आदल्या सांजंला हाक द्यायची, उद्या माझ्या रानात या म्हनून. सकाळी समदी गल्ली आपापली औतं, बैलं घिऊन हजर. मजुरी न्हाय, काय न्हाय. निसतं जेवान. दीसभर रान गाजायचं बगा. दुसऱ्या दिशी दुसऱ्याच्या रानात."

"म्हणजे लोक कामाला यायचे."

"यायला कारन लागतंय की ओ मानसाला! बिनकामाचं कुनाला कसं बोलवायचं? काय म्हनून बोलवायचं?"

आम्ही हसलो आणि दही वाढून घेतलं. हे बोलणं तिथंच राहिलं. माणसं जेवताना फार ऐकत नाहीत.

पुढे झालं असं, की अण्णा आणि अक्का आठवडाभरासाठी हुबळीला गेले, लेकीच्या मुलाचं जावळ होतं म्हणून. घराची नि जीपची किल्ली माझ्याकडे. शेखसर, श्रीनिवास आणि मी असे तिघं बसलो आणि आमच्या डोक्यात एक सत्कर्म आलं. बिचारा म्हातारा माणूस दर रविवारी उन्हात राबतो. आपण त्याचं एवढं खातो, तर आपण ही जीप एकदाची चांगली करून देऊ. श्रीनिवासच्या ओळखीचा एक मिस्त्री आला. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली, कपाळाला हात लावला आणि कामाला बसला. बरणी त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्यातले बरेचसे नट त्याने जिथल्या तिथे नेऊन बसवले. एकेक नट बसला की तो आमच्याकडे वळून बघायचा. आम्ही झाडाकडे बघायचो. संध्याकाळी जीप अर्ध्या किल्लीत चालू झाली. खोकला नाही, धूर नाही.

अण्णा परत आले तेव्हा आम्ही जीपला हार घातला होता. अण्णांनी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा ऐकत उभे राहिले. "बेस झालं," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "लई बेस झालं." त्यांनी आम्हा तिघांचे हात हातात घेतले. आम्हाला वाटलं, गहिवरले.

पहिल्या रविवारी हाक आली नाही. मी उशिरापर्यंत मजेत झोपलो. बाल्कनीतून विचारलं, "काय अण्णा, आज बॉनेट बंद?"

"तुमी मानसांनी मायेनं करून दिल्यालं," अण्णा खालून म्हणाले. "त्याला मी आता पाना लावायचा म्हंजे तुमचा अपमान की."

मला तो सुटकेचा निरोप वाटला. श्रीनिवास बायकोमुलांना घेऊन कुंभारीला मेहुण्याकडे गेला, शेखसर बहिणीकडे. जो तो आपापल्या रविवाराला मोकळा झाला.

दुसऱ्या रविवारी मी बाल्कनीत चहा पीत होतो. अण्णा खाली आले. जीपमध्ये बसले, किल्ली फिरवली. जीप लागली. त्यांनी बंद केली. परत लावली, परत बंद केली. उतरून फडक्याने टप पुसला, हार वाळला होता तो काढला. रस्त्याच्या एका टोकाला बघितलं, दुसऱ्या टोकाला बघितलं, आणि आत गेले. जरा वेळाने अक्का ओसरीवर घातलेली सतरंजी गुंडाळताना दिसल्या. मला चहा गोड लागेना.

मी गेलो खाली. अण्णा लगबगीने बाहेर आले. "या या सायेब! काय काम काडलं?"

"काम नाही. सहज आलो."

"सहज?" अण्णांनी तो शब्द असा उच्चारला की जणू मी त्यांना न बसणारा नट दिला होता. ते बसले, मीही बसलो. नातवाचं झालं, हुबळीच्या हवेचं झालं. मग बोलायला काही सुचेना. शेजारी असून आम्ही इतकी वर्षं एकमेकांशी बोललो होतो ते सगळं जीपच्या वरून नाहीतर खालून. अण्णा दोनदा म्हणाले, "तुमाला उशीर हुत आसंल." मी उठलो. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. इर्जिक म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आम्ही भलं करायला गेलो आणि त्या माणसाची हाकच काढून घेतली. बरं, हे त्याला सांगणार कसं आणि परत देणार कसं?

तिसऱ्या रविवारी सकाळी खालून आरोळी आली. "ओ सायेब! श्रीनिवास! आवो सर! चालूच हुईना की ओ!"

एवढी आनंदाची हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी बंडीवरच धावलो. श्रीनिवास टॉवेल गुंडाळून आला, शेखसर एका पायात चप्पल घालून. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. शेखसरांनी कान लावला आणि समाधानाने मान हलवली. "हवा घुसी." डिझेलच्या नळीत हवा शिरली की जीप हटून बसते, आणि ती हवा काढणं हे चार माणसांचं निवांत काम. श्रीनिवासला फिल्टरवरचा एक नट ढिला सापडला.

"मिस्त्रीनं नीट आवळला नाही बघा," तो म्हणाला.

"मिस्त्रीला बोलू नका," अण्णा म्हणाले. "हुतंय आसं. बसा सायेब, आज तुमी किल्ली संबाळा. यप्पा, निधान!"

दुपारपर्यंत आम्ही हवा काढली, आणि हवा निघाल्यावरही अण्णांनी बाकीचं सगळं उघडून बघितलं. आता बघायला कुणाच्या अपमानाची अडचण नव्हती. मग सतरंजी पडली. अक्कांनी त्या दिवशी भाकरीबरोबर गरम धपाटे केले होते, हाताने थापलेले, तीळ लावलेले. पहिला मला वाढला. मी घास घेतला आणि थांबलो.

धपाट्याला डिझेलचा वास येत होता.

मी वर बघितलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, उजवा हात पदरात. साबणाने कितीही घासला तरी हा वास हातावरून लवकर जात नाही, हे इतके रविवार श्रीनिवासच्या शेजारी जेवून मलाही कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली.

तेवढ्यात अण्णांनी पहिला घास तोंडात घातला. दोनदा चावला आणि चावायचे थांबले. मान वळवून ते दाराकडे बघत राहिले. त्या माणसाचे डोळे भरून आलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. शेखसर ताटलीकडे हात नेत होते.

"ए, थांबा सर!" अण्णा एकदम म्हणाले. त्यांनी धपाट्यांची अख्खी ताटली पुढ्यात ओढली. "तुमी भाकरी घ्या. धपाटे कुनाला मिळायचे न्हाईत आज."

"अण्णा, ये क्या बात हुई?" शेखसर रुसले.

"लई दिवसांनी केल्यात तिनं," अण्णा म्हणाले. माझ्या ताटातला उष्टा धपाटासुद्धा त्यांनी उचलून नेला, आणि दह्याला हात न लावता सगळेच्या सगळे एकट्याने खाल्ले.