टेनिसच्या गेममधल्या एक्केचाळीस चुका

सोमवारी घरात टेनिसचा व्हिडिओ गेम आला आणि मंगळवारी बाळाच्या हिरडीतून दात डोकावला. दोघांनी एकच आठवडा निवडल्यामुळे सूनबाईचं सगळं गणित कोसळलं.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत त्या गेमचं परीक्षण द्यायचं होतं. एका वेबसाइटवरचं तिचं सदर तसं साधं होतं: डावीकडे गेमची बलस्थानं, उजवीकडे उणिवा, खाली दोन ओळींचा निकाल. बाळंतपणाआधी तिच्याकडे अशी तीन सदरं होती. त्यातली दोन केव्हा निसटली, ते दुपट्यांच्या ढिगाऱ्यात तिला कळलंही नाही. उरलं हे एक. त्यालाही दोनदा उशीर झाल्यावर संपादकबाई अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, की तुला आता विश्रांतीची गरज दिसते. कामाच्या ठिकाणी कुणी मायेनं बोलायला लागलं की समजावं, आपलं टेबल दुसऱ्याला दाखवून झालेलं आहे.

दहा तास खेळल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही असा नियम होता आणि बाळ तर सलग दहा मिनिटं द्यायला तयार नव्हतं. नवरा औषधांच्या दुकानात सकाळी आठला जायचा तो रात्री आठला उगवायचा. मध्ये एकदा फोन करून "होईल गं सगळं नीट" एवढी पुडी बांधून द्यायचा. राहता राहिले अण्णा.

अण्णा म्हणजे सासरे. तीस वर्षं टेनिसच्या सामन्यांत पंच म्हणून उंच खुर्चीवर बसलेला माणूस. सासूबाई गेल्याला पाच महिने झाले होते, आणि तेव्हापासून ते हॉलमधल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असत. भिंतीवर काहीही नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हा बोलण्याचं खातं त्यांच्याकडे होतं आणि अण्णा फक्त निर्णय देत, तोही मागितला तर. सासू-सुनेचं वाजलं की दोघी न्यायासाठी त्यांच्याकडे बघत आणि ते पेपर खाली न करता म्हणत, "खेळ चालू द्या." आता भांडायलाच कुणी उरलं नव्हतं, आणि सूनबाईला त्या भांडणांचीसुद्धा आठवण येई.

मंगळवारी दुपारी तिनं टीव्हीवर गेम सुरू करून कंट्रोलर अण्णांच्या हातात दिला. तीन दिवस एवढं सांभाळा, म्हणाली. चांगलं काय, वाईट काय ते मला सांगा, लिहायचं मी बघते. अण्णांनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि "बरं" म्हणाले. पाच महिन्यांत एवढ्या पटकन त्यांनी कशालाच होकार दिला नव्हता.

मग तीन दिवस बाळाला खांद्यावर थोपटत ती आतल्या खोलीत फेऱ्या घालत होती आणि हॉलमधून चेंडूचा टप-टप आवाज येत होता, मध्येच टाळ्या. बुधवारी अण्णांनी वही आणि पेन्सिल मागितली. गुरुवारी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल ओढत नेऊन टीव्हीसमोर ठेवलं. खुर्चीतून पलीकडची लाइन नीट दिसत नाही, अशी तक्रार. सूनबाईला भरून आलं. माणूस कशात तरी रमला, हेच तिला कामापेक्षा मोठं वाटलं.

शुक्रवारी नऊ वाजता तिनं विचारलं आणि अण्णांनी वहीतून वाचून दाखवलं. चेंडूची सावली खरी पडते. मातीच्या कोर्टावर तो जेवढा उसळायला हवा तेवढाच उसळतो. प्रेक्षक सर्व्हिसच्या वेळी गप्प बसतात, हे तर खऱ्या प्रेक्षकांनाही जमत नाही. उणिवा म्हणजे लाइनवरचे नऊ निर्णय साफ चुकीचे.

ती नऊ निर्णयांची बाब म्हातारपणाची खोड म्हणून तिनं मनातल्या मनात गाळून टाकली. "आणि बटणं हो, अण्णा? अवघड गेली?"

"बटणांचा काही त्रास झाला नाही."

"हरलात किती वेळा?"

"एकदाही नाही."

बाळ रडायच्या आत तिनं लिहून टाकलं, की सत्तरीतले गृहस्थसुद्धा हा गेम पहिल्या दिवसापासून न हरता खेळू शकतात. बटणं इतकी सुटसुटीत, की हातात काही आहे हे जाणवतही नाही. दहाला पाच कमी असताना परीक्षण गेलं, बारा वाजता छापून आलं आणि एक वाजता वाचक उठले.

त्या गेमची बटणं म्हणे आजवरची सगळ्यात किचकट होती. एकाला आठवडाभर सर्व्हिससुद्धा जमली नव्हती. एकानं चिकटपट्टी लावलेल्या अंगठ्याचा फोटो टाकला. एकानं त्या सत्तरीतल्या गृहस्थांची शिकवणी लावायची म्हणून पत्ता विचारला. दोन वाजता संपादकबाईंचा फोन आला. तो आवाज आज मायेचा नव्हता, म्हणजे निदान खरा होता. सहापर्यंत स्वतः खेळून नवीन परीक्षण दे, नाहीतर सदर पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याकडे.

ती हॉलमध्ये आली. अण्णा स्टुलावर ताठ बसले होते आणि कंट्रोलर टीव्हीशेजारी रुमालावर व्यवस्थित ठेवलेला होता.

"अण्णा, सर्व्हिस कुठल्या बटणानं करता तुम्ही?"

"मी कशाला सर्व्हिस करीन?"

"मग तीन दिवस खेळत कोण होतं?"

"ते दोघं." त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. बटणाला कुणी हात लावला नाही की तो गेम आपला आपणच दोन खेळाडू उतरवून सामना सुरू करत असे, दुकानात गिऱ्हाइकांना दाखवतात तसा. अण्णांनी असे सव्वीस सामने पाहिले होते. "पंचानं रॅकेटला हात लावायचा नसतो, सूनबाई. तीस वर्षांत लावला नाही."

"आणि एकदाही हरलो नाही म्हणालात?"

"पंच कसा हरेल?"

तिला खूप रागवायचं होतं, पण त्याला लागणारी ताकद रात्रीच्या जागरणात खर्च झाली होती. ती जमिनीवर बसली, बाळाला मांडीत घेतलं आणि कंट्रोलर उचलला.

पुढचे तीन-सव्वातीन तास तिनं जे केलं त्याला खेळणं म्हणणं जड जाईल. पहिली सर्व्हिस प्रेक्षकांत गेली. दुसरी स्वतःच्याच खेळाडूच्या पायावर. बाळानं एक बटण चोखून घेतलं तेव्हा खेळाडू कोर्ट सोडून बाकापर्यंत पळत गेला. मागून स्टुलावरून कोरडा आवाज येत राहिला: "बाहेर." "बाहेर." "पाय लाइनवर." घरच्या माणसानं एक तरी पॉइंट पदरात टाकावा, असं तिला फार वाटत होतं. पण अण्णा सासूबाईंनासुद्धा कधी झुकतं माप न दिलेले.

मग तिचा एक चेंडू जाळ्याच्या खांबावर आपटून बाहेर पडला आणि गेमनं पॉइंट तिला दिला. अण्णा स्टुलावरून उतरून टीव्हीपाशी गेले. "हे चालणार नाही," म्हणाले आणि वहीत लिहिलं. थोड्या वेळानं तिनं दोन टप्पे पडलेला चेंडू परतवला. तोही गेमला चालला. एक चेंडू गेममधल्या पंचाच्या खुर्चीखाली गेला आणि तिथेच फिरत राहिला, तरी सामना पुढे सुरू. अण्णांचे कान लाल झाले. ते एवढं बोलत होते, की बाळ दात विसरून त्यांच्याकडे बघत बसलं.

साडेपाचपर्यंत ती चौदा सामने हरली होती आणि वहीत एक्केचाळीस चुका झाल्या होत्या. तिनं खरं तेच लिहिलं: सकाळचं परीक्षण बटणाला हात न लावलेल्या माणसाच्या सांगण्यावरून होतं, क्षमा असावी, बटणं भयंकर आहेत, खाली अण्णांची यादी. पाठवून ती बाळाला धुवायला गेली. सदर गेलं, हे तिनं मनाशी धरलंच होतं.

फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात साबणानं भरले होते. अण्णांनी उचलला. संपादकबाईंचा आवाज मोठा असल्यामुळे दारातून अर्धं ऐकू आलं. दहा ठिकाणची परीक्षणं वाचली, या चुका कुणालाच दिसल्या नाहीत, आपण हे सदर घ्याल का, सूनबाईंनाही जरा विश्रांती मिळेल. सूनबाईनं नळ बंद केला. ओलंचिंब बाळ तसंच कुशीत धरून ती मोरीच्या दाराशी आली.

अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दहा ठिकाणी चांगले खेळाडू बसवले असतील तुम्ही लोकांनी," ते म्हणाले. "चांगला खेळाडू चेंडू जिथे जायला हवा तिथेच मारतो. तिथे गेम बरोबरच असतो. आमच्याकडे चेंडू कुठेही जातो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, मी एकटा काय करू? समोर कुणी खेळलं तर पंच. आणि हिच्याइतकं वाईट खेळणारं दुसरं माणूस तुम्हाला मिळायचं नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. सदर तिचंच राहू द्या. वही मी धरीन."

फोन ठेवून ते मोरीच्या दाराशी आले. त्यांनी बाळासाठी टॉवेल पुढे केला.

"पुढच्या आठवड्यात पोहण्याचा गेम पाठवतायत," ते म्हणाले. "तुला पोहता येत नाही ना?"

"नाही."

"छान," अण्णा म्हणाले, आणि स्टूल पुसायला गेले.